विशाखाच्या पाठीवरचे दोन उन्हाळे

सकाळचे ऊन आमच्या घरी थेट येत नाही. पडेगावच्या या गल्लीत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. सूर्याला आधी समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवरची काळी टाकी ओलांडावी लागते. टाकीच्या कडेवर तो थोडा वेळ अडून राहतो. मग एक बारीक, फिकट पिवळी पट्टी आमच्या पत्र्याच्या पडवीत उतरते. ती प्रथम दोरीवर वाळत घातलेल्या पंचावर पडते आणि त्याचे विरलेले धागे वेगवेगळे दिसू लागतात. तिथून ती ओळीने मांडलेल्या निळ्या पिंपांवर येते. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात पिंपे हीच घराची श्रीमंती. ऊन एकेका झाकणावर असे रेंगाळते, की आत पाणी किती उरले आहे याचा अंदाज ते घेत असावे. पुढे दारात उभ्या असलेल्या टँकरच्या चाकावरचा वाळलेला चिखल तांबूस होतो. मग ते भिंत चढू लागते. चुन्याचे पोपडे, कॅलेंडरची कोपऱ्यात मुडपलेली पाने, आणि त्यावर नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातील एका मुलीचा फोटो. त्या काचेवर पोहोचले की ऊन इतके उजळते, की काही वेळ मुलगी दिसतच नाही, नुसता प्रकाश दिसतो. सर्वांत शेवटी, कोवळेपण संपत आलेले ते ऊन खिळ्याला टांगलेल्या माझ्यापर्यंत येते. माझ्या अंगावर आता काही चमकत नाही. गंजावर पडलेला प्रकाश परत फिरत नाही, तो तिथेच मुरतो.

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. चौकोनी, पंधरा किलोचा. एके काळी माझ्या चारही बाजूंना पिवळ्या फुलांची चित्रे होती. त्यांतील एका फुलाच्या दोन पाकळ्या अजून शिल्लक आहेत. फोटोतील ती मुलगी माझी कोणी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पत्र्याला मुले होत नाहीत. तरीही तिचा फोटो जेव्हा जेव्हा उजळतो, तेव्हा तेव्हा माझ्या रिकाम्या पोटात जे काही भरून येते, त्याला अभिमान याखेरीज दुसरे नाव मला सापडलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका लांबलचक पत्र्याचे तुकडे झाले, ते वाकवले गेले, कडा एकमेकींत अडकवून दाबल्या गेल्या आणि मी उभा राहिलो. माझ्यात तेल भरले गेले आणि शहरातील एका खानावळीत माझी रवानगी झाली. तेल संपेपर्यंत मला मान होता. संपल्यावर मला मागच्या दारी फेकण्यात आले. तिथून भंगाराच्या गाडीवर आणि गाडीवरून गयासभाईंच्या दुकानात.

गयासभाई पत्र्याचे कारागीर. मूळचे सिल्लोडचे. रिकाम्या डब्यांपासून ते धान्याच्या कोठ्या, नरसाळी, कोंबड्यांची भांडी असे काहीही करीत. त्यांच्या दुकानात एक दिवस पुंजाराम आला. पुंजाराम टँकर चालवतो. मिटमिट्याच्या बाजूला एका मळ्यात विहीर आहे. तिथे टँकर भरायचा आणि शहरातील वसाहतींत नेऊन रिता करायचा, हे त्याचे काम. त्याच्याबरोबर नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या दोन वेण्यांपैकी एक सुटलेली होती आणि दुकानातील प्रत्येक डब्यावर बोटाने वाजवून ती त्याचा आवाज ऐकत होती.

"गयासभाई, पवायला शिकवायचा डबा पायजे," पुंजाराम म्हणाला. "तोंड बंद करून द्या. पाणी शिरता कामा नाय."

"कुणासाठी? तुझ्यासाठी?"

"हिच्यासाठी. विशाखा. माय कंपनीत जाते कामाला, म्हणून ही माझ्यासंगं टँकरवर असती. मी मोटर लावली की ही विहिरीत डोकावती. पाण्याशी धंदा आपला. पोरीला पवता आलं पायजे."

"मग शिकव की तूच. डबा कशाला?"

पुंजाराम एक नरसाळे उचलून उगाच न्याहाळू लागला. विशाखाने मात्र माझ्या पोटावर टिचकी मारली आणि म्हणाली, "चाचा, हा द्या. ह्याचा आवाज लई भारी येतो."

अशी माझी निवड झाली. गयासभाईंनी मला धुतले, उन्हात वाळवले, तोंडावर पत्र्याची गोल चकती बसवली आणि कथील वितळवून तिच्या कडेने डाग दिला. त्या कढत धातूचा स्पर्श मला अजून आठवतो. ज्या तोंडातून आजवर सारे काही बाहेर जात होते, ते तोंड कायमचे बंद झाले. डाग थंड झाल्यावर गयासभाईंनी मला कानाशी धरून हलवले आणि म्हणाले, "घेऊन जा. उद्या हिची नात पण पवंल ह्याच्यावर."

मित्रांनो, विहिरीत पोहायला शिकण्याची आमच्याकडची रीत तुम्ही कदाचित पाहिली नसेल. बंद डबा मुलाच्या पाठीला दोरीने बांधतात. डब्यातील हवा मुलाला वर धरते. मूल हात मारते, पाय मारते, नाकातोंडात पाणी जाते, रडते, पुन्हा मारते. काठावर एक मोठे माणूस दुसऱ्या दोराचे टोक धरून उभे असते. डबा, दोर आणि काठावरचे माणूस, या तिघांच्या भरवशावर मूल पाण्यात उतरते.

पहिल्या दिवशी विशाखा पायरीवर उभी होती. पाणी हिरवे, थंड आणि गप्प होते. तिचे पाय थरथरत होते, ते मला तिच्या पाठीच्या कण्यातून कळत होते. तिने वर पाहिले.

"बाबा, बुडाले तर?"

"मी हाय ना इथं," पुंजाराम काठावरून म्हणाला. "बुडालीस तर मी उडी टाकीन. एका दमात वर आणीन तुला."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. उतर."

ती उतरली. आणि मी तिला उचलून धरले. आजवर मी तेल वाहिले होते. आता एक मूल वाहत होतो. तिच्या नाकात पाणी गेले, ती खोकली, तिने "बाबा" म्हणून हाक मारली. पण ती बुडाली नाही. मी तिला बुडू दिले नाही. रविवारी आसपासची मुले विहिरीत उड्या मारीत. त्यांचे हात कसे जातात, ते ती पाही आणि सोमवारी तसेच करून बघे. पुंजाराम वरून ओरडे, "पाय मार! तोंड वर! तोंड वर!" त्याच्या हातातील दोर कायम ताठ असे.

मला त्या दोराची एक गोष्ट फार उशिरा समजली. पुंजारामला पोहता येत नव्हते. वैजापूर तालुक्यातील त्याच्या गावात पोहण्याजोगे पाणी साठलेले त्याने लहानपणी कधी पाहिलेच नव्हते. मोठेपणी पाणी हेच त्याचे पोट झाले, पण त्याचा पाय कधी पायरीवरून पाण्यात उतरला नाही. विहिरीत पाइप सोडतानाही तो काठापासून दोन हात मागे उभा राहत असे. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. द्वारकाबाईंना, म्हणजे त्याच्या पत्नीला, माहीत असावे. बायकांना अशा गोष्टी माहीत असतात.

दुसरा उन्हाळा आला तेव्हा विशाखा विहिरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागली होती. त्या दोन महिन्यांत तिच्या हातांना जो जोर आला, तो पाहून मळ्यातले गडीही थांबून बघत. "टँकरवाल्याची पोरगी मासोळी हाय," असे ते म्हणत. मी तिच्या पाठीवर बसून हे कौतुक ऐके आणि त्यातला अर्धा वाटा मनातल्या मनात स्वतःकडे ठेवी. तिसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. विहीर आटली, तळाचे दगड दिसले, पुंजाराम टँकर घेऊन दूरच्या विहिरींवर जाऊ लागला. मला पडवीतल्या या खिळ्याला टांगण्यात आले. इथून माझा दुर्लक्षाचा काळ सुरू झाला. त्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. एकदा चिमणीने माझ्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत घरटे केले, हीच त्या नऊ वर्षांतली मोठी घटना.

खिळ्यावरून मी विशाखाला मोठी होताना पाहिले. ती शहरातल्या तरणतलावावर जाऊ लागली. पहाटे धावू लागली. बारावीनंतर तिने नौदलाच्या भरतीचा अर्ज भरला, तेव्हा द्वारकाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आठ दिसाला पाणी येतंय अशा गावची पोर तू. आन् जाऊन जाऊन पाण्यातच जाणार?" विशाखा म्हणाली, "आई, तिथं रोज येतं." द्वारकाबाईंना हसू आले, आणि मग त्यांना अडवता आले नाही.

ओडिशात चिलका येथे तिचे प्रशिक्षण झाले. दीक्षान्त संचलनाला आईवडील जाऊन आले. पुंजाराम परतला तो वेगळाच माणूस होऊन. टँकरच्या पुढच्या काचेवर त्याने जहाजाच्या नांगराचे चित्र चिकटवले. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना तो पिंप भरता भरता मुलीच्या गोष्टी सांगू लागला. कोणी "लवकर भरा भाऊ, पुराण नंतर सांगा," असे म्हटले, तरी त्याला वाईट वाटत नसे.

मात्र एका गोष्टीने त्याची झोप उडवली. संचलनानंतर एका अधिकाऱ्याने विशाखाला विचारले होते, इतके चांगले पोहायला कुठे शिकलीस? ती म्हणाली होती, "माझ्या बाबांनी शिकवलं. विहिरीत. ते काठावर असायचे, म्हणून मला कधी भीतीच वाटली नाही." ही गोष्ट द्वारकाबाईंनी कौतुकाने गल्लीत सांगितली. गल्लीतून ती चौकात गेली. चौकातल्या मंडळाने फलक लावला: 'सागरकन्या विशाखा आणि तिचे जलतरणगुरू पिता श्री. पुंजाराम यांचे हार्दिक अभिनंदन.' सत्कार झाला. शाल, नारळ. एका वक्त्याने त्याला 'पट्टीचे पोहणारे' म्हटले. पुंजारामने हात जोडले आणि मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्या संध्याकाळी तो शाल मांडीवर घेऊन माझ्याखाली बराच वेळ बसून राहिला. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं? पट्टीचे पवणारे पार बुडल्यासारखे दिसताय."

तो हसला नाही. म्हणाला, "पोरीला मी खोटं सांगितलं गं. तिनं ते खरं धरलं."

"लहान लेकराला सांगतात तसं."

"लेकरू आता लहान नाय."

यानंतर वर्ष गेले. मग या जानेवारीत विशाखाचा फोन आला. ती आता मुंबईच्या गोदीतील एका जहाजावर होती. जहाजावरच्या लोकांच्या कुटुंबीयांना एका दिवसासाठी समुद्रात नेणार होते. मार्च महिन्यात. "बाबा, आई, तुम्ही दोघं यायचंच. साहेबांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. ते म्हणाले, विहिरीवाल्या बाबांना भेटायचंय मला."

फोन ठेवल्यावर पुंजाराम उठला, स्टुलावर चढला आणि त्याने मला खिळ्यावरून खाली काढले. जळमटे झाडली. ओल्या फडक्याने पुसले. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला माणसाचा हात लागत होता.

"हे काय करताय?" द्वारकाबाईंनी विचारले.

"पवायला शिकणार हाय."

"पाणी वाहता वाहता डोस्क्यात गेलं का तुमच्या? पन्नाशी झाली. जहाजावर कोणी पवायला लावत नाय. विचारा पोरीला."

"जहाजासाठी नाय शिकत," तो म्हणाला. "मी तिला म्हणलं होतं, उडी टाकीन, एका दमात वर आणीन. तिच्या साहेबांपुढं उभं राहायचं तर ते खरं करून राहायचं. दीड महिना हाय."

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. लग्नाला पंचवीस वर्षे झालेल्या बाईला नवऱ्याचा कोणता हट्ट मोडता येतो आणि कोणता येत नाही, हे नेमके कळते. त्या एवढेच म्हणाल्या, "एकटे जायचं नाय. पवता येणारा माणूस संगं पायजे."

तो माणूस म्हणजे गयासभाई. त्यांचे दुकान आता मुलगा मुनीब पाहतो. गयासभाईंना रिकामा वेळ होता. सिल्लोडच्या विहिरींत त्यांचे लहानपण गेले होते. पुंजारामने त्यांना खरे सांगितले, तेव्हा ते आधी हसले, नंतर गंभीर झाले. "म्हणजे तू पोरगी विहिरीत सोडली, आणि वर उभा राहणारा माणूस पण बुडणारा? तौबा! पुंजाराम, तू शूर नाही, येडा आहेस."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "शिकवता का नाय ते सांगा."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही त्याच विहिरीवर गेलो. पाणी भरपूर होते. गयासभाईंनी मला पुंजारामच्या पाठीला बांधले आणि दोर कमरेला. त्याची पाठ रुंद होती, घामाने ओली होती, आणि नऊ वर्षांच्या मुलीची थरथरली होती अगदी तशीच थरथरत होती. त्या क्षणी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी मनात म्हटले, लेकीला मी वर धरले, आता बापालाही धरीन. या घराण्याचे तरंगणे माझ्या नावावर आहे.

तो उतरला. दहा-बारा हात मारले. आणि मग, मित्रांनो, माझ्या बाजूने बुडबुडे निघू लागले. मी जड होत गेलो. त्याचे तोंड पाण्याखाली गेले, हात वेडेवाकडे झाले. मी त्याला वर धरायला हवे होते. उलट मी खाली ओढत होतो. गयासभाईंनी दोर खेचला, पायऱ्या उतरून त्याला दंडाला धरून बाहेर काढले. पुंजाराम पायरीवर ओणवा पडून खोकत राहिला. डोळे लाल. ओठ निळे.

"डबा गळका!" गयासभाई ओरडले. त्यांनी मला सोडवले, उलटे केले, आणि माझ्यातून पाणी धो धो वाहू लागले. त्यांनी आधी माझे तोंड तपासले. "माझा डाग शाबूत आहे, बघ! इतकी वर्षं झाली, हलला नाही. ही बाजूची शिवण गेलीय. कारखान्याची." मग फटीत बोट घालून त्यांनी आतला पत्रा चाचपला. बोटाला जुना, चिवट गाळ लागला. त्यांनी तो चोळून पाहिला. "पुंजाराम, ही फट आजची नाही वाटत."

पुंजारामला खोकल्यात ते ऐकू आले नाही. मला आले. पण त्या दिवशी मी स्वतःला समजावले, की वय झाले, गंज चढला, नऊ वर्षे खिळ्यावर काढली. आज शिवण सुटली, यात नवल ते काय?

"डाग देता येईल का?" पुंजारामने विचारले.

गयासभाईंनी मला मांडीवर घेऊन नखाने खरवडले. पत्र्याचा कपचा निघाला. "नाही धरणार आता. पत्राच राहिला नाही, नुसता गंज आहे. नवीन डबा करून देतो तुला."

पुंजाराम उठून बसला. त्याने पाण्याकडे पाहिले. ते पाणी त्याने आयुष्यभर विकले होते. पहिल्यांदाच ते त्याच्या फुप्फुसात गेले होते. मला वाटले, आता हा घरी जाईल, आणि कोणीही त्याला दोष देणार नाही.

"डबा नको," तो म्हणाला. "जहाजावर मी डबा बांधून जाणार हाय का? दोर घ्या. परत उतरतो."

"आज? अरे, ओठ बघ तुझे."

"आज नाय उतरलो तर उद्या येणार नाय मी. मला माझं माहीत हाय."

आणि तो उतरला. कमरेला दोर, पायरीला धरलेला एक हात. त्या दिवशी त्याने फक्त पायरी सोडणे आणि पुन्हा पकडणे एवढेच केले. चाळीस वेळा. गयासभाई मोजत होते आणि मधेच म्हणत होते, "शाबास रे टँकर!"

पुढे रोज सकाळी पाचला उठायचे, दोन खेपा टाकायच्या, आणि तिसऱ्या खेपेला टँकर भरत असताना पाण्यात उतरायचे, असा त्याचा नेम झाला. मी टँकरच्या केबिनमध्ये, सीटच्या मागे असे. मला फेकून देणे त्याच्या हातून झाले नाही. दार उघडे असले की मला पाणी दिसे. त्याचे पोहणे देखणे नव्हते. तो पाण्याशी भांडत असल्यासारखा पोहत असे. सातव्या दिवशी त्याने तोंड पाण्यात घातले. बाराव्या दिवशी पाठीवर तरंगला आणि आकाशाकडे बघत मोठ्याने म्हणाला, "गयासभाई, मी मेलो नाय!" मधे त्याला ताप आला, कान दुखला, एकदा तर गयासभाईंशी भांडण झाले आणि दोघे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गयासभाई स्वतःच विहिरीवर येऊन बसले होते. "तुला शिकवलं नाही तर द्वारकावहिनी माझ्या घरचं पाणी बंद करतील," ते म्हणाले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, पुंजारामने कमरेचा दोर सोडला. गयासभाईंच्या हातात दिला. मग काठावर चढला. काठावर. तिथे, जिथे तो आयुष्यभर दोन हात मागे उभा राहिला होता. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि उडी टाकली. पाणी फुटले. तो दिसेना. गयासभाईंचा एक पाय पायरीवर गेला. मग डोके वर आले, हात आले, आणि तो विहिरीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, तिला हात लावला आणि परत आला. गयासभाईंनी ते सारे मोबाइलवर टिपले होते. पुंजाराम कोरडा होण्याआधीच त्यांनी ते विशाखाला पाठवूनही दिले.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. पुंजाराम केबिनच्या पायरीवर बसला होता, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"बाबा! हे काय? आणि पाय असे का मारताय, म्हशीसारखे? मला तर असे मारू द्यायचा नाहीत!"

"विशू," तो म्हणाला, "एक सांगायचं हाय. हसू नको."

"बोला."

"त्या वक्ताला, तू लहान व्हतीस तवा... मला पवता येत नव्हतं. मागल्या महिन्यात शिकलो."

फोनमधून दार लोटल्याचा आवाज आला आणि मग वाऱ्याचा. गोदीवरचा वारा असावा.

"तुम्ही म्हणाला होतात, उडी टाकीन."

"टाकली असती गं. नक्की टाकली असती. फक्त वर आलो नसतो."

"म्हणजे आपण दोघंही गेलो असतो ना बाबा!" तिचा आवाज चढला. तिच्या आवाजात राग होता, आणि तो खरा होता. "आईला काय झालं असतं? कुणाला तरी सांगायचं होतं. गयासचाचांना बोलवायचं होतं."

"व्हय. चुकलं माझं."

तो इतकेच म्हणाला. त्याने दुष्काळाचे, गरिबीचे, कशाचेही कारण दिले नाही. मग विशाखा म्हणाली, "साहेबांना आता काय सांगू?"

"जे हाय ते सांग."

"सांगते. माझ्या बाबांना पोहता येत नव्हतं, तरी ते उडी टाकणार होते. आणि मग पन्नासाव्या वर्षी शिकून आले." "शनिवारची गाडी चुकवू नका. आणि घाबरू नका, इथं सगळ्यांना लाइफ जॅकेट देतात."

"गळकं नसतं ना?" गयासभाईंनी मागून विचारले. "डाग कुणी दिलाय, विचारून घे!"

पुंजाराम हसला. इतक्या मोकळेपणी हसताना मी त्याला प्रथमच पाहिले. जणू त्याच्या पाठीला कोणी तरी अकरा वर्षे काही बांधून ठेवले होते आणि ते आता सोडले होते.

आज रविवार आहे. घर बंद आहे. पुंजाराम आणि द्वारकाबाई काल गाडीने गेले. जाण्यापूर्वी त्याने मला पुन्हा खिळ्याला टांगले. या वेळी ते दोघे कदाचित समुद्रावर असतील, किनारा दिसेनासा झाला असेल, आणि पांढऱ्या गणवेशातली ती मुलगी आपल्या साहेबांपुढे वडिलांचे खरे सांगत असेल. पुंजाराम तिच्या शेजारी ताठ उभा असेल, याबद्दल मला शंका नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. पाठीला डबा बांधून पाण्यात उतराल, तर आधी तो डबा रोज पाण्याखाली दाबून पाहा. बुडबुडे आले तर तो कितीही जुना, कितीही लाडका असो, बाजूला ठेवा. काठावर उभे असलेल्या माणसाला, मग तो तुमचा बाप का असेना, न लाजता विचारा, 'तुम्हाला पोहता येते का?' आणि तुम्ही स्वतः काठावर उभे असाल, तर खरे उत्तर द्या.

पुंजारामने आपले खरे उत्तर फोनवर दिले. मला तोंड नाही, ते गयासभाईंनी बंद केले. तरीही बंद तोंडाआड मी जे दडवले, ते आता मला अधिक काळ दडवता येत नाही. गयासभाईंच्या बोटाला लागलेला गाळ त्या सकाळचा नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात विहिरीच्या दगडावर आपटून माझी शिवण उसवली होती. विशाखा पाण्यात उतरली की मी भरत असे, आणि ती पायऱ्या चढून वर येईपर्यंत तिच्या भिजलेल्या कपड्यांबरोबर निथळून रिता होत असे. म्हणून ते कोणाला कळले नाही.

त्या संपूर्ण उन्हाळ्यात मी तिला एकदाही तरंगवले नाही. ती स्वतः पोहत होती, आणि मला वाहून नेत होती.